नावं राहू द्या, मिनिटं मोजा : एनबीए संघाच्या ऑफसीझनचा हिशोब कसा मांडायचा

१ जुलैची पहाट, साडेतीनचा सुमार. बाहेर धो धो पाऊस आणि फोनवर भाच्याचा मेसेज : "मामा, जागा आहेस का? आपल्या टीमने नवीन सेंटर घेतला. चांगलं झालं की वाट लागली?"

सेंटर म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू. आणि जागा असतोच मी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३० जूनच्या संध्याकाळचे सहा वाजले की एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, फ्री एजंटचा बाजार उघडतो, आणि तिकडचे सहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. दोन मोसमांमधल्या या काळात, म्हणजे ऑफसीझनमध्ये, करार संपलेले खेळाडू (हेच फ्री एजंट) कुठेही जायला मोकळे होतात. पुढच्या दिवसभरात इतके करार कानावर येतात की नवख्या माणसाला दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहिल्यासारखं होतं. कोण आलं, कोण गेलं, कळत नाही.

भाचा डोंबिवलीला राहतो, दोन वर्षांपासून एनबीए बघतोय. त्याला दरवर्षी तुकड्या-तुकड्यांनी जे सांगत आलो ते इथे एकत्र लिहितोय. लागतं काय, तर एक वही, बेरीज-वजाबाकी आणि गेल्या मोसमाची आकडेवारी. ती फुकट मिळते. पूर्ण हिशोब मांडायला एका संघामागे तासभर पुरतो.

उदाहरणासाठी दोन संघ आपल्या दारातलेच घेतो. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने, मोसमाआधीच्या सरावाचे. शुक्रवारी पेसर्स जादा वेळेत १३२-१३१ ने जिंकले, शनिवारी सरळ १३०-१०६ ने. शनिवारी मी होतो. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे आमची अख्खी रांग किंग्जच्या बाजूने ओरडत होती आणि किंग्ज मार खात होते. घरी आल्यावर नीट वाचलं तेव्हा कळलं की दोन्ही संघ तीन महिन्यांपूर्वीच बरेचसे बदलले होते. जे बघितलं ते खरं म्हणजे दोन ऑफसीझनचं पहिलं प्रगतिपुस्तक होतं. तेव्हापासून वही धरली.

पहिली पायरी : संघ होता कुठे, ते आधी बघा

नवीन कोण आलं हे बघायची घाई सगळ्यांनाच असते. आधी मागचं पान उलटा. संघ किती जिंकला हे तर बघाच, पण त्याहून जास्त लक्ष द्या गुणांच्या फरकाकडे : दर सामन्यात सरासरी किती गुण केले आणि किती खाल्ले. एक-दोन गुणांनी सुटणारे सामने बऱ्याचदा नशिबावर सुटतात, त्यामुळे नुसता जिंकल्या-हरल्याचा आकडा फसवतो. ढोबळ मानाने सरासरीतला एक गुण म्हणजे ८२ सामन्यांच्या मोसमात अडीचेक विजय. फरक शून्य असेल तर ४१ विजय, अधिक चार असेल तर पन्नाशीच्या आसपास.

२०१८-१९ मध्ये पेसर्स ४८ जिंकले, ३४ हरले. फरक होता साधारण अधिक ३.३. म्हणजे आकडा आणि खेळ जुळत होते, संघ खरोखरच तेवढा चांगला होता. किंग्ज ३९-४३, फरक उणे एकच्या आसपास. तेही जुळत होतं.

मग दुखापती. पेसर्सचा सर्वांत मोठा खेळाडू व्हिक्टर ओलाडिपो जानेवारी २०१९ मध्ये मांडीच्या स्नायूचा कंडरा फाटून बाहेर गेला होता, पूर्ण मोसमात जेमतेम ३६ सामने खेळला. म्हणजे ४८ विजयांतला बराच भाग त्याच्याशिवाय आलेला. हे वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवायचं. पुढच्या वर्षी तो परत आला तर ती सर्वांत मोठी 'खरेदी', आणि तिच्यासाठी कुणाशी करारही करावा लागत नाही.

दुसरी पायरी : मिनिटांचा ताळेबंद

हीच खरी पायरी. बाकी वाचलं नाही तरी चालेल, ही करा.

सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर पाच खेळाडू. म्हणजे प्रत्येक सामन्यात वाटायला २४० मिनिटं. जादा वेळ सोडला तर ना एक जास्त, ना एक कमी. कुणीही आलं-गेलं तरी ही २४० मिनिटं कुणाला तरी खेळावीच लागतात. म्हणून 'कोण गेलं' असा प्रश्न न विचारता 'किती मिनिटं मोकळी झाली आणि त्यात कोण बसणार' असं विचारायचं. लोकलमध्ये गाडी दादरला आली की जुने प्रवासी नजरेनेच ताडतात, कोण उतरणार, खिडकी कुठली रिकामी होणार, चौथ्या सीटवरचा आत सरकणार का. तीच नजर इथे हवी.

पान उभं तीन भागांत वाटा. डावीकडे गेलेले, मधे राहिलेले, उजवीकडे आलेले. प्रत्येकापुढे गेल्या मोसमातली सामन्यामागची मिनिटं.

पेसर्सचं २०१९ चं डावं पान असं होतं : बोयान बोगदानोविच ३२ मिनिटं, यूटाला गेला. थॅडियस यंग ३१, शिकागोला. डॅरेन कॉलिसन २८, थेट निवृत्त. कोरी जोसेफ २५, तो गेला किंग्जमध्ये. टायरिक इव्हान्स २०, त्याच्यावर लीगने अमली पदार्थांच्या नियमाखाली बंदी घातली. बेरीज १३६. अर्ध्याहून जास्त संघ दारातून बाहेर, आणि त्यातले पहिले तिघे सुरुवातीच्या पाचांतले. नुसत्या बातम्या वाचणारा माणूस म्हणेल, पेसर्स संपले.

आता उजवं पान. मिलवॉकीकडून माल्कम ब्रॉग्डन, फिनिक्सकडून टी. जे. वॉरन, शार्लटचा जेरेमी लॅम्ब, शिवाय जस्टिन हॉलिडे आणि टी. जे. मॅकॉनेल. वॉरन तर निव्वळ रोख रकमेच्या बदल्यात मिळाला, फिनिक्सला त्याचा पगार डोक्यावरून उतरवायचा होता. पुढच्या मोसमात या पाचांनी सामन्यामागे जी मिनिटं खेळली त्यांची बेरीज करून बघा, तीही १३६ च्या आसपासच येते. बोगी भरली.

पण गंमत मधल्या रकान्यात असते, आणि नवखे तिथे बघतच नाहीत. दोमान्तास साबोनिस तेव्हा बाकावरून उतरून २५ मिनिटं खेळायचा. यंग गेल्यामुळे जागा झाली, तो सुरुवातीपासून खेळू लागला, ३५ मिनिटांवर गेला आणि त्याच मोसमात ऑलस्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तमांत गेला. त्याचं नाव त्या उन्हाळ्यातल्या 'आलेले-गेलेले' यादीत कुठेच नव्हतं. म्हणून प्रत्येक संघासाठी हा प्रश्न विचाराच : जागा अडवून बसलेला कुणी गेला का, आणि त्याच्या मागे कोण तयार उभा आहे?

एक खड्डा सांगतो, मी त्यात पडलो होतो. सरासरी मिनिटं म्हणजे जेवढे सामने खेळला तेवढ्यांचीच सरासरी. वेस्ली मॅथ्यूज त्या मोसमात पेसर्ससाठी ३१ मिनिटांच्या सरासरीने खेळला, पण मोसम निम्मा उलटल्यावर आला होता, सामने अवघे २३. बोगदानोविचची सरासरीही तेवढीच, सामने ८१. एकाची एकूण मिनिटं सातशेच्या थोडी वर, दुसऱ्याची अडीच हजारांच्या वर. दोघांना एकाच मापाने मोजलंत तर हिशोब कोसळतो. शंका आली की एकूण मिनिटं घ्या. पूर्ण मोसमाची एकूण मिनिटं होतात १९,६८०.

आणि हो, बोगदानोविच दोन होते. पेसर्समधून गेला तो बोयान. किंग्जमध्ये होता तो बोगदान. नातं काही नाही. भाच्याने एकदा दोघांना एकच समजून अख्खं पान भरलं होतं.

तिसरी पायरी : मिनिटं भरली, पण कामं?

कबड्डी बघणाऱ्याला हे सांगावंच लागत नाही. तीन नावाजलेले चढाईपटू विकत घेतले आणि दोन्ही कोपरे रिकामे राहिले, तर चढाईला पाठवणार एका वेळी एकालाच, आणि पकड करायला कुणी नाही. बास्केटबॉलमध्येही तसंच. नागपाड्यात, जिथे मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर पिढ्यान् पिढ्या बास्केटबॉल चालतो आणि जिथून अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतशिर आले, तिथल्या एका जुन्या खेळाडूने मला एका वाक्यात समजावलं होतं : "बॉल तर एकच आहे ना."

याचं शाळेत शिकवावं असं उदाहरण म्हणजे २०२१ चे लॉस एंजेलिस लेकर्स. आदल्या मोसमात त्यांचा बचाव अख्ख्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचा होता. उन्हाळ्यात त्यांनी रसेल वेस्टब्रुकला आणलं. नाव दणदणीत. आदल्या मोसमात त्याची सरासरीच ट्रिपल-डबलची, म्हणजे गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास) तिन्ही दोन आकडी. त्याच्या बदल्यात दिले काइल कुझ्मा, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप आणि मॉन्ट्रेझल हॅरेल. डेनिस श्रोडर आणि ॲलेक्स कारुसो करार संपून निघून गेले. डावं पान लिहा : २९, २८, २३, ३२, २१. बेरीज १३३.

उजवीकडे मिनिटं भरायला माणसं भरपूर होती. कार्मेलो अँथनी ३७ वर्षांचा, ट्रेव्हर अरिझा ३६, ड्वाइट हॉवर्ड ३५. पण कामाच्या बाजूने बघा. कॉल्डवेल-पोप आणि कारुसो दोघेही आदल्या मोसमात थ्री-पॉइंटर (लांबून मारायचा तीन गुणांचा फटका, थोडक्यात 'थ्री') ४० टक्के किंवा त्याहून जास्त मारत होते आणि समोरच्याच्या सर्वांत धोकादायक गार्डला (चेंडू खेळवणाऱ्या, बाहेरून खेळणाऱ्या खेळाडूला) अडवतही होते. ही दोन्ही कामं करणारी माणसं गेली. आलेला वेस्टब्रुक थ्री मारत होता ३१-३२ टक्के, आणि त्याचा खेळ चेंडू हातात असेल तरच खुलतो. चेंडू तर संघाचा मुख्य खेळाडू लेब्रॉन जेम्सच्या हातात. निकाल ३३-४९. बचाव पहिल्या क्रमांकावरून एकविसाव्या क्रमांकावर. त्या मोसमात लेब्रॉन ५६ आणि अँथनी डेव्हिस ४० सामनेच खेळले हेही खरं, सगळं खापर एकट्या वेस्टब्रुकवर फोडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण छिद्रं जुलैमध्येच दिसत होती.

कारुसोचा पुढचा प्रवास बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा सिटी थंडरने जॉश गिडी देऊन त्याला शिकागोकडून घेतलं, शिवाय आयझाया हार्टनस्टाइन हा सेंटर घेतला. संघ आधीच ५७-२५ होता. प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) गिडीला प्रतिस्पर्धी बाहेर मोकळा सोडत होते, आणि रिबाउंडमध्ये संघ कमी पडत होता. दोन भोकं, दोन नेमकी ठिगळं. पुढच्या मोसमात ६८-१४ आणि विजेतेपद. बाजारातली सर्वांत मोठी नावं त्यांनी घेतली नव्हती.

तर वहीत प्रत्येक संघाखाली चार-पाच प्रश्न लिहा. चेंडू कोण खेळवणार? बाहेरून कोण मारणार? समोरच्याच्या मुख्य स्कोररला कोण अडवणार? रिंगखाली कोण उभं राहणार? मुख्य खेळाडू बाकावर गेला की ती दहा मिनिटं कोण ओढणार? ज्या प्रश्नापुढे नाव लिहिताना पेन अडेल, ते छिद्र.

थ्रीच्या टक्केवारीबद्दल एक सावधगिरी. एका मोसमाच्या आकड्यावर कधीच जाऊ नका, तो फार हलतो. तीन-चार वर्षांचा बघा, सोबत फ्री थ्रोचाही (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्याचा) बघा, कारण फ्री थ्रो अडवायला कुणी नसतं, तिथे हात खरा कळतो. २०१९ मध्ये किंग्जने सेंटर ड्वेन डेडमनला तीन वर्षांसाठी सुमारे चार कोटी डॉलर दिले, त्यात एक मोठं कारण हे की आदल्या मोसमात अटलांटाला तो ३८ टक्क्यांनी थ्री मारत होता. अटलांटाला जायच्या आधी तो थ्री जवळपास मारतच नव्हता. सॅक्रामेंटोत आल्यावर आकडा वीस टक्क्यांच्याही खाली गेला.

चौथी पायरी : वय

इथे फार वेळ घालवायचा नाही. पंचविशीच्या आतला खेळाडू बहुतेक वेळा पुढच्या वर्षी थोडा सुधारतो, तिशी-बत्तिशी ओलांडलेला थोडा घसरतो. मिनिटांच्या पानावर प्रत्येकापुढे वय लिहा आणि बाण काढा, वर किंवा खाली. वरच्या बाणांपेक्षा खालचे जास्त दिसले तर, संघात कुणी आलं-गेलं नाही तरी, तो आहे तिथे राहणार नाही. लेकर्सच्या त्या पानावर खालच्या बाणांची रांग लागली होती.

पाचवी पायरी : पैसा, म्हणजे पुढे काय करता येईल

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. आयपीएलमध्ये पर्समध्ये जेवढे पैसे तेवढ्यातच खरेदी. एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, तशी कडक नाही. २०२५-२६ ची कॅप होती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर, पण बहुतेक संघ तिच्या वरच असतात, कारण वाटा ठेवलेल्या आहेत.

सर्वांत महत्त्वाची वाट म्हणजे 'बर्ड हक्क', बॉस्टनचा जुना खेळाडू लॅरी बर्डच्या नावावरून पडलेलं नाव. खेळाडू तुमच्याकडे सलग तीन वर्षं असेल तर कॅप ओलांडूनही तुम्ही त्याला मोठ्या करारावर ठेवू शकता. एकच वर्ष झालं असेल तर हात बांधलेले. २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सने विजेतेपद मिळवलं, त्यात बाकावरून उतरणारा ब्रूस ब्राउन फार उपयोगी पडला. तो एकच वर्ष त्यांच्याकडे होता, त्यामुळे डेन्व्हरला वर्षाला आठेक दशलक्ष डॉलरच्या वर देताच येत नव्हतं. कॅपमध्ये जागा असलेल्या संघाने दोन वर्षांचे साडेचार कोटी पुढे केले. तो संघ कोणता? आपले पेसर्स. 'डेन्व्हरने का सोडला?' या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण त्यांनी सोडला नव्हता. पुढच्या मोसमात डेन्व्हर उलट जास्त जिंकले, ५७. पण प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मिनेसोटाविरुद्ध सात सामन्यांत गेले, आणि बाकावरचा खड्डा तेव्हा दिसला. मोसमाचा हिशोब आणि प्लेऑफचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. प्लेऑफमध्ये २४० मिनिटं दहाऐवजी सात-आठ जणांतच वाटली जातात.

वरच्या बाजूला तीन रेषा आहेत. २०२५-२६ साठी त्या अशा : १८ कोटी ७९ लाखांवर लक्झरी टॅक्स, १९ कोटी ५९ लाखांवर पहिला ॲप्रन, २० कोटी ७८ लाखांवर दुसरा ॲप्रन. ही नावं पाठ करू नका, एवढंच बघा की तुमचा संघ कुठल्या रेषेच्या वर आहे. दुसऱ्या ॲप्रनच्या वर गेलेल्या संघाला ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, कॅपच्या वर असताना बाहेरून चांगला खेळाडू घेण्याची 'मिड-लेव्हल' सवलतही मिळत नाही. उरतात ते किमान पगाराचे करार. फिनिक्स सन्सने २०२३ मध्ये केव्हिन ड्युरंट आणि डेव्हिन बुकर यांच्या जोडीला ब्रॅडली बीलला आणलं आणि याच कोंडीत सापडले. बीलच्या करारात त्याच्या मर्जीविरुद्ध ट्रेड करता येणार नाही असं कलम होतं. २०२४ च्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ४-० ने बाहेर, पुढच्या मोसमात ३६-४६, आणि २०२५ च्या जुलैत बीलला पैसे देऊन मोकळं करावं लागलं.

करार महाग की स्वस्त हे ठरवताना डॉलर बघू नका, कॅपचा किती हिस्सा गेला ते बघा. कॅप दरवर्षी फुगते. २०१९-२० ला ती १० कोटी ९१ लाख होती, म्हणजे तेव्हाचे दोन कोटी आणि आताचे दोन कोटी सारखे नाहीत. ब्रॉग्डनचा चार वर्षांचा साडेआठ कोटींचा करार ऐकून लोकांनी डोळे मोठे केले होते. वर्षाचे काढले आणि कॅपने भागले की साधारण पाचवा हिस्सा. आदल्या मोसमात ज्याने फील्ड गोल (खेळ चालू असताना मारलेले फटके) ५०, थ्री ४० आणि फ्री थ्रो ९० टक्क्यांच्या वर मारले होते, त्याच्यासाठी ते रास्तच होतं.

शेवटचं वर्ष कुणाच्या हातात आहे तेही वाचा. 'प्लेअर ऑप्शन' असेल तर ते वर्ष राहायचं की जायचं हे खेळाडू ठरवतो, 'टीम ऑप्शन' असेल तर संघ. खेळाडू चांगला खेळला तर पहिल्या प्रकारात तो निघून जातो, वाईट खेळला तर मानगुटीवर बसतो. म्हणजे संघाच्या बाजूने दोन्हीकडून तोटाच.

सहावी पायरी : ड्राफ्ट आणि समर लीग

जून अखेरीला ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड), जुलैत लास व्हेगासला समर लीग (मुख्यतः नवख्यांचे सराव सामने). नवा मुलगा समर लीगमध्ये तीस गुण करतो आणि लोक त्याला संघात बसवून मोकळे होतात. २०१२ मध्ये समर लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान दोघांना विभागून मिळाला होता : डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी. लिलार्ड पुढे मोठा खेळाडू झाला. सेल्बी वर्षभरात एनबीएतून बाहेर. पहिल्या मोसमात नवख्याला दहा-पंधरा मिनिटांच्या वर धरू नका, पहिल्या दोन-तीन क्रमांकांत निवडला गेला असेल तर गोष्ट वेगळी.

मात्र ट्रेडमध्ये पुढच्या वर्षांचे ड्राफ्टचे हक्क गेले असतील तर ते लाल शाईने लिहा. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स या पस्तिशी गाठलेल्या दोघांसाठी बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे हक्क दिले, वर २०१७ ला अदलाबदलीची मुभा. मिळालं काय? ४४ विजय आणि दुसऱ्या फेरीत घरी. बॉस्टनला त्या हक्कांच्या जोरावर जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, २०२४ ला ते विजेते झाले. अशा खरेदीचं बिल दहा वर्षांनीही येत राहतं.

सातवी पायरी : प्रशिक्षक बदलला का?

ही पायरी मी बरीच वर्षं गाळत होतो. २०१८-१९ चे किंग्ज ३९ जिंकले, २००५-०६ नंतरची त्यांची सर्वांत चांगली कामगिरी. तो संघ जिंकायचा पळून. डी'ॲरन फॉक्स चेंडू घेऊन सुटायचा, बाकीचे मागे. मोसम संपला आणि प्रशिक्षक डेव्ह यॉर्गर यांना काढलं, ल्यूक वॉल्टन आले. वेग मंदावला. मुख्य खेळाडू जवळपास तेच, संघ वेगळा. २०१९-२० ला ३१-४१. दुखापतींचाही वाटा होता, मार्व्हिन बॅगली १३ सामनेच खेळला. पण वरळीच्या त्या शनिवारी, २४ गुणांनी हरताना, मला जे कळलं नव्हतं ते बहुधा हेच.

बातम्या वाचताना

३० जून ते ६ जुलै हा मधला काळ असतो. बोलणी होतात, आकडे फुटतात, पण बहुतेक सह्या ६ जुलैच्या तिकडच्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊपर्यंत होत नाहीत. २०१५ मध्ये डिआंद्रे जॉर्डनने डॅलसला तोंडी होकार दिला आणि सहीआधीच्या अशाच मधल्या दिवसांत मन बदलून क्लिपर्सकडेच राहिला. लग्न ठरल्याची बातमी आणि लग्न यांत फरक असतो, तेवढा धरा. सही होईपर्यंत वहीत पेन्सिलने लिहा.

संघात १५ पक्के करार आणि ३ 'टू-वे' करार (मुख्य संघ आणि खालची लीग दोन्हीकडे खेळणाऱ्यांचे) बसतात, उन्हाळ्यात मात्र २१ पर्यंत माणसं ठेवता येतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये ज्या नावांचा गाजावाजा होतो त्यांतली काही ऑक्टोबरमध्ये नसतातच. त्यांच्यावर मिनिटं खर्च करू नका.

आणि मग अंदाज लिहा. तारखेसह, आकड्यात. 'संघ बरा वाटतोय' असं नाही, '४६ विजय' असं. न लिहिलेला अंदाज डिसेंबरमध्ये आपोआप बरोबर ठरतो, हा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे.

माझी २०१९ ची वही अजून आहे. पेसर्स : '४७'. करोनामुळे मोसम आखडला, ते ४५-२८ झाले, म्हणजे टक्केवारीत आदल्या वर्षापेक्षा वर. मी खुश झालो होतो. पण गुणांचा फरक अधिक ३.३ वरून अधिक दोनच्या आत आला होता, म्हणजे संघ सुधारला नव्हता, थोडक्यात सुटणारे सामने त्यांच्या बाजूने सुटले होते. प्लेऑफमध्ये मायामीने ४-० ने घालवलं. वॉरनने मधेच ऑगस्ट २०२० ला एका सामन्यात ५३ गुण केले आणि रोख रकमेत मिळालेला हाच तो, हे मला भाच्याला तीनदा सांगावं लागलं.

किंग्जच्या पानावर डेडमनपुढे मी 'पक्का सौदा, २५ मिनिटं' असं लिहिलंय. सेंटरची २७ मिनिटं मोकळी झाली होती, विली कॉली-स्टाइन गेल्यामुळे, तेवढं बरोबर होतं. त्याच उन्हाळ्यात किंग्जने रिशॉन होम्स नावाचा दुसरा एक सेंटर दोन वर्षांसाठी जेमतेम एक कोटी डॉलरमध्ये घेतला होता. तो माझ्या पानावर नाही. मोसम सुरू झाला आणि काही आठवड्यांत ती मिनिटं होम्सकडे गेली.

उन्हाळ्यात सही केलेल्या बहुतेक खेळाडूंना १५ डिसेंबरच्या आधी ट्रेड करता येत नाही. तोवर वीस-पंचवीस सामने झालेले असतात, म्हणून वही पुन्हा उघडायची ती त्या तारखेला. प्रत्येक नावापुढे धरलेली मिनिटं आणि प्रत्यक्षातली मिनिटं शेजारी-शेजारी लिहायची. २०१९ च्या डिसेंबरमध्ये डेडमनने जाहीरपणे ट्रेड मागितला, त्याबद्दल लीगने त्याला ५० हजार डॉलर दंड केला, आणि फेब्रुवारीत तो परत अटलांटाला गेला.